बुटाची टाच आणि ताकदीचा हिशोब



पुणे जिल्ह्यात तोरणा किल्ल्याच्या पायथ्याशी वेल्हे आहे. तेथून केळदच्या दिशेने निघाले की वाटेत पासली हे गाव लागते. मुलूख डोंगराळ, पाऊस भरपूर. सखल जागी भाताची खाचरे आणि वर चढउतार. अशा गावात सपाट मैदान शोधावे लागते, उतार मात्र दारातच असतो. आजच्या प्रयोगासाठी आपल्याला उतारच हवा आहे. तुमचे गाव सपाटीवर असेल तर रस्त्याचा चढ किंवा एका बाजूने उचलून घट्ट बसवलेली रुंद फळीही चालेल.

प्रयोग सोपा आहे; पण त्यातून व्यायामशाळेत नेहमी विचारल्या जाणाऱ्या एका प्रश्नाचे उत्तर मिळते. वजन उचलणाऱ्यांचे बूट वेगळे का असतात, आणि तसे बूट आपल्याला हवेत का? या प्रश्नाच्या पाठोपाठ दुसराही प्रश्न येतो. आपण किती वजन उचलण्याचे ध्येय ठेवावे? दोन्ही प्रश्न जाहिरात पाहून किंवा मित्राकडे पाहून सोडवायचे नसतात. ते मोजून सोडवता येतात. कसे, ते आता पाहू.

उतारावरची बैठक

कोरडी, न घसरणारी जागा निवडा. दहा पावले चालल्यावर साधारण एक पाऊल उंची वाढेल इतपत चढ पुरे. अनवाणी उभे राहा, दोन्ही पायांत खांद्याइतके अंतर ठेवा, हात छातीशी घडी घाला. आता चढाकडे तोंड करून, टाचा जमिनीवरून न उचलता, सावकाश उकिडवे बसा. मागे एखाद्या मित्राला उभे करा, कारण तुमच्यापैकी पुष्कळांचा तोल मागे जाईल.

आता वळून उताराकडे तोंड करा आणि तसेच बसा. या वेळी बसणे सोपे जाते; पाठही अधिक सरळ राहते. माणूस तोच, पाय तेच, वजनही तेच. बदलली ती फक्त दिशा. मग हा फरक कोठून आला?

कोणतीही वस्तू उभी राहायची तर तिच्या गुरुत्वमध्यातून सोडलेला ओळंबा तिच्या पायाच्या आत पडावा लागतो. माणसाच्या बाबतीत हा ‘पाया’ म्हणजे दोन्ही तळपाय आणि त्यांच्यामधली जागा. बसताना आपले ढुंगण मागे जाते. ते संतुलित करण्यासाठी गुडघे पुढे यावे लागतात किंवा छाती पुढे वाकवावी लागते. गुडघे किती पुढे येतील हे घोट्याच्या सांध्यावर ठरते. घोटा एका मर्यादेपर्यंतच दुमडतो. चढाकडे तोंड केल्यावर तळपायाचा पुढचा भाग उचलला जातो आणि घोट्याची ही मर्यादा लवकर संपते. उताराकडे तोंड केल्यावर उलट घडते. टाच चवड्यापेक्षा उंच राहते, नडगी अधिक पुढे झुकू शकते आणि ओळंबा पायाच्या आत राहतो.

आपल्या तालमीतील बैठका आठवा. पैलवान बैठक मारताना खाली जाताजाता टाचा उचलतो आणि चवड्यांवर येतो. घोट्याची अडचण दूर करण्याचा तोही एक मार्गच आहे. मात्र टाच अधांतरी असल्यामुळे पाया चवड्यापुरताच उरतो. रिकाम्या अंगाने हे ठीक आहे; खांद्यावर लोखंडी बार असेल तर एवढा लहान पाया धोक्याचा. तेव्हा उचललेल्या टाचेखाली काहीतरी भक्कम हवे. वजन उचलणाऱ्याच्या बुटात नेमके तेच असते.

या बुटांची टाच बहुधा चवड्यापेक्षा सुमारे २ सेंटीमीटर उंच असते. टाचेपासून चवड्यापर्यंतचे अंतर २० सेंटीमीटर धरले, तर हा उतार दहास एक झाला. म्हणजे आपण प्रयोगाला निवडला तेवढाच! हे बूट घालणारा खेळाडू पासलीच्या उताराचा एक लहानसा तुकडा पायाखाली घेऊन सपाट फळ्यांवर उभा असतो, असे म्हणायला हरकत नाही. दहास एक या उताराचा कोन सुमारे ६ अंश भरतो.

सहा अंशांनी काय होते?

सहा अंश म्हणजे घड्याळाच्या मिनिटकाट्याची एका मिनिटातली चाल. एवढ्याशा कोनाने काही बदलत असेल का? गणित करून पाहू. गणित सोपे राहावे म्हणून शरीराचे वजन बाजूला ठेवू आणि फक्त बारचा विचार करू.

समजा, नडगीची लांबी ४० सेंटीमीटर, मांडीची ४२ सेंटीमीटर आणि बार ४० किलोचा आहे. खेळाडू बार खांद्यावर घेऊन मांड्या जमिनीला समांतर होईपर्यंत बसला आहे. बारचा ओळंबा तळपायाच्या मध्याजवळ, म्हणजे घोट्याच्या ५ सेंटीमीटर पुढे पडतो असे धरू. सपाट पायाने त्याची नडगी ३० अंश पुढे झुकते. साइन ३० म्हणजे अर्धा, म्हणून गुडघा घोट्याच्या २० सेंटीमीटर पुढे आला. मांडी आडवी आहे, म्हणून कंबरेचा सांधा गुडघ्याच्या ४२ सेंटीमीटर मागे, म्हणजेच घोट्याच्या २२ सेंटीमीटर मागे गेला.

आता बारच्या ओळंब्यापासून दोन्ही सांध्यांचे आडवे अंतर मोजा. गुडघा १५ सेंटीमीटर पुढे आणि कंबर २७ सेंटीमीटर मागे. बारचे वजन सुमारे ४०० न्यूटन. बल आणि सांध्यापासूनचे आडवे अंतर यांचा गुणाकार म्हणजे परिबल. दाराची कडी बिजागरीपासून दूर बसवतात ती याच कारणासाठी. म्हणून,

कंबरेवरील परिबल = ४०० × ०.२७ = १०८ न्यूटन-मीटर
गुडघ्यावरील परिबल = ४०० × ०.१५ = ६० न्यूटन-मीटर

आता बूट घालू. नडगी ३० ऐवजी ३६ अंश झुकू शकते. साइन ३६ सुमारे ०.५९ आहे, म्हणून गुडघा घोट्याच्या साधारण २३.५ सेंटीमीटर पुढे आला. कंबरही तेवढीच, म्हणजे ३.५ सेंटीमीटर पुढे सरकली. पुन्हा हिशोब करा.

कंबरेवरील परिबल = ४०० × ०.२३५ = ९४ न्यूटन-मीटर
गुडघ्यावरील परिबल = ४०० × ०.१८५ = ७४ न्यूटन-मीटर

कंबरेवरचा भार १४ ने कमी झाला. गुडघ्यावरचा तेवढ्याच १४ ने वाढला. दोन्ही वेळी बेरीज १६८ न्यूटन-मीटरच येते. हा योगायोग नाही. मांडी आडवी असताना कंबर आणि गुडघा यांमधील अंतर मांडीइतकेच, म्हणजे ४२ सेंटीमीटर असते; बूट ते कसे बदलणार?

आपल्या लेखातील मुख्य मुद्दा येथे आहे. बूट ओझे कमी करीत नाही. ते शरीरात वेगळ्या प्रकारे वाटून देतो. धड अधिक सरळ राहते, पाठीचे व कंबरेचे काम थोडे हलके होते आणि मांडीच्या पुढच्या स्नायूंचे वाढते. ज्याला बार डोक्यावर तोलून खोल बसायचे आहे, त्याला सरळ धड फार मोलाचे असते. ज्याचे गुडघे आधीच दुखतात, त्याने मात्र हे बूट म्हणजे औषध आहे असे समजू नये.

सोल कठीण कशासाठी?

या बुटांची दुसरी खूण म्हणजे कठीण सोल. टाच लाकडाची, चामड्याच्या थरांची किंवा कठीण प्लॅस्टिकची असते. पळण्याचे बूट याच्या अगदी उलट, स्पंजासारखे मऊ. पळण्याचे बूट घालून वजन उचलू नये असे प्रशिक्षक सांगतात. कारण विचारले तर पुष्कळदा उत्तर मिळते, ‘स्पंज दाबण्यात तुमची शक्ती वाया जाते.’ हे उत्तर कितपत खरे आहे, तेही मोजून पाहू.

समजा, ६० किलोच्या मुलाने ४० किलोचा बार उचलला आहे. दोन्ही मिळून १०० किलो, म्हणजे सुमारे १००० न्यूटन. या भाराने स्पंज ५ मिलिमीटर दबला. स्प्रिंग दाबण्यास लागणारे कार्य म्हणजे अंतिम बल आणि दबलेले अंतर यांच्या गुणाकाराचा अर्धा भाग.

अर्धा × १००० × ०.००५ = २.५ ज्यूल

तोच ४० किलोचा बार जमिनीवरून दीड मीटर उंच नेण्यास लागणारे कार्य ४०० × १.५ = ६०० ज्यूल. म्हणजे स्पंजाने खाल्लेली ऊर्जा शेकडा अर्धीसुद्धा नाही! तेव्हा ‘शक्ती वाया जाते’ हे कारण फारच दुबळे आहे.

खरे कारण वेगळे आहे. स्पंज सगळीकडे सारखा दबत नाही. समजा टाचेकडचा भाग चवड्यापेक्षा ५ मिलिमीटर अधिक दबला. २० सेंटीमीटरला अर्धा सेंटीमीटर म्हणजे चाळीसास एक असा कल झाला. पायाशी हा कल क्षुल्लक वाटतो. पण बार डोक्यावर, जमिनीपासून २ मीटर उंच धरलेला असेल आणि शरीर काठीसारखे ताठ असेल, तर वरचे टोक २०० भागिले ४०, म्हणजे ५ सेंटीमीटर मागे जाईल. तळपायाच्या मध्यापासून टाचेच्या कडेपर्यंतचे अंतर साधारण १२ सेंटीमीटर असते. त्यातले ५ सेंटीमीटर अशा रीतीने खर्ची पडले. शरीर काठी नाही, म्हणून ते आपोआप सावरते. पण स्पंज प्रत्येक हालचालीबरोबर कमीअधिक दबत असतो आणि सावरण्याचे कामही सतत चालू राहते. जो स्नायू वजन उचलण्यासाठी हवा, तो तोल राखण्यात गुंततो. भिजलेल्या खाचराच्या बांधावर भाताचा भारा घेऊन चालणे आणि तोच भारा घेऊन फरसबंद अंगणात चालणे यांत जो फरक, तोच येथे आहे.

मग स्पंज वाईट का? मुळीच नाही. पळताना प्रत्येक पावलाला पाय जमिनीवर आदळतो आणि त्याचा संवेग थोड्या वेळात शून्य होतो. संवेगातील बदल भागिले वेळ म्हणजे बल. स्पंज हा वेळ वाढवतो आणि धक्का सौम्य करतो. म्हणून कठीण सोलचे बूट घालून पळू नये आणि मऊ सोलचे बूट घालून बार उचलू नये. खुरप्याने लाकूड फोडत नाहीत आणि कुऱ्हाडीने तण काढत नाहीत, त्यातलाच हा प्रकार.

तुम्हाला हे बूट हवेत का?

प्रथम घोटा मोजा. भिंतीकडे तोंड करून अनवाणी उभे राहा. एक पाय पुढे ठेवा. टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवा. टेकला, तर पाय थोडा मागे घ्या आणि पुन्हा करा. टाच न उचलता गुडघा टेकतो असे सर्वांत दूरचे ठिकाण सापडले की भिंत ते अंगठा हे अंतर पट्टीने मोजा. असे तीन वेळा मोजून सरासरी काढा. दोन्ही पायांची नोंद वेगळी ठेवा.

हे अंतर १० सेंटीमीटरच्या आसपास किंवा अधिक असेल, तर तुमचा घोटा पुरेसा लवचीक आहे. साध्या बैठकांसाठी उंच टाचेची गरज नाही. खेड्यात उकिडवे बसून कामे करण्याची सवय असते. अशा मुलामुलींचा घोटा पुष्कळदा चांगला दुमडतो. अंतर फारच कमी, म्हणजे ५ सेंटीमीटरच्या आत असेल, तर टाचेचा उपयोग जाणवेल. तरीही आधी घोट्याचा व्यायाम करा; वरील चाचणी हाच एक चांगला व्यायाम आहे. रोज थोडा वेळ केला तर काही आठवड्यांत अंतर वाढलेले दिसू शकते.

व्यायामाचा प्रकारही पाहावा लागतो. जमिनीवरून ओझे फक्त कमरेपर्यंत उचलायचे असेल, तर उंच टाच अडचणच करते. तुम्ही २ सेंटीमीटर उंच झालात, म्हणजे ४० किलोचा बार तेवढा अधिक वर न्यावा लागणार. हे जादा कार्य ४०० × ०.०२ = ८ ज्यूल; ते फार नाही, पण शरीराचा कलही पुढे जातो. अशा उचलीसाठी सपाट, पातळ, कठीण सोल उत्तम. शाळेत वापरतात ते सपाट सोलचे कॅनव्हासचे बूट या कामाला चांगले चालतात. नवशिक्याला पहिल्या वर्षी याहून अधिक काही लागू नये.

जिल्हा किंवा राज्य पातळीवर वेटलिफ्टिंग शिकण्याचे ठरले आणि प्रशिक्षकांनी सांगितले, तर बूट जरूर घ्या. दुकानात पुढील गोष्टी तपासा.

१. टाच अंगठ्याने जोरात दाबा. ती दबता कामा नये.

२. बूट टेबलावर ठेवून बाजूंनी हलवा. तो डुगडुगला तर परत करा. सोल वरच्या भागापेक्षा किंचित रुंद असावा.

३. दोन्ही हातांनी बूट पिळून पाहा. चवड्यापाशी तो थोडा वाकावा. मधल्या भागात पिळला जाऊ नये.

४. पायाचे माप उभे राहून आणि संध्याकाळच्या वेळी द्या. शरीराचा भार पडल्यावर पाय पसरतो आणि दिवसभरात किंचित सुजतो.

५. टाच बुटात वरखाली सरकू नये, पण बोटे दबूही नयेत. नाडीच्या जोडीला वरून पट्टा असेल तर पकड चांगली बसते.

६. पाय अजून वाढत असेल तर महाग बुटाची घाई करू नका. सहा महिन्यांत तो लहान होईल. आणि ‘पुढे होतील’ म्हणून मोठ्या मापाचे बूटही घेऊ नका. आत सरकणारा पाय हा स्पंजाइतकाच अस्थिर असतो.

ध्येयाचे गणित

आता दुसरा प्रश्न. बूट घेतले, किंवा नाही घेतले. वजन किती उचलायचे?

एखादा उत्साही विद्यार्थी म्हणतो, ‘आज मी २० किलो घेऊन बैठका मारतो. दर आठवड्याला फक्त शेकडा ५ ने वाढवीन.’ पहिल्या आठवड्यात वाढ १ किलोची. ऐकायला किती माफक! पण हे चक्रवाढ व्याज आहे. ५२ आठवड्यांनी होणारा आकडा म्हणजे २० गुणिले १.०५ चा ५२ वा घात. गणकयंत्रावर करून पाहा. उत्तर सुमारे २५३ किलो येते.

हा आकडा किती मोठा आहे? सांगलीच्या संकेत महादेव सरगर या खेळाडूने २०२२ मध्ये बर्मिंगहॅम येथील राष्ट्रकुल क्रीडास्पर्धेत ५५ किलो वजनगटात रौप्यपदक मिळवले. त्या स्पर्धेतील ते भारताचे पहिले पदक. वेटलिफ्टिंगमध्ये दोन प्रकार असतात. स्नॅचमध्ये बार एका झटक्यात डोक्यावर नेतात. क्लीन अँड जर्कमध्ये आधी खांद्यावर घेऊन मग डोक्यावर नेतात. प्रत्येक प्रकारात तीन संधी मिळतात आणि दोन्हींतील सर्वोत्तम उचलींची बेरीज धरतात. संकेतने स्नॅचमध्ये ११३ आणि क्लीन अँड जर्कमध्ये १३५, असे एकूण २४८ किलो उचलले. सुवर्णपदक मिळवणाऱ्या मलेशियाच्या अनिक कसदानची बेरीज होती १०७ अधिक १४२, म्हणजे २४९. फरक फक्त १ किलोचा! संकेतने १३९ किलोचा दोनदा प्रयत्न केला. त्यात कोपराला दुखापत झाली आणि ती उचल साधली नाही.

बैठक आणि डोक्यावरची उचल हे प्रकार वेगळे आहेत; त्यांची थेट तुलना होत नाही. तरीही आपल्या विद्यार्थ्याच्या ‘माफक’ योजनेतील आकडा वर्षाअखेरीस राष्ट्रकुल पदकविजेत्याच्या दोन उचलींच्या बेरजेपुढे गेला, एवढे पाहिले तरी योजनेतली चूक दिसते.

अव्वल खेळाडूची प्रगती कशी असते, याचे आणखी एक उदाहरण घ्या. मणिपूरची मीराबाई चानू २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये क्लीन अँड जर्कची एकही उचल यशस्वी करू शकली नाही, म्हणून तिची बेरीजच धरली गेली नाही. २०१७ मध्ये ४८ किलो गटात १९४ किलो उचलून ती जगज्जेती झाली. २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत तिची बेरीज १९६ होती. टोकियो ऑलिम्पिक २०२१ मध्ये झाले. तेथे ४९ किलो गटात ८७ अधिक ११५, म्हणजे २०२ किलो उचलून तिने रौप्यपदक जिंकले. १९४ पासून २०२ पर्यंत, म्हणजे चार वर्षांत ८ किलो. वर्षाला सरासरी शेकडा एक. त्यासाठी रोजचा सराव, प्रशिक्षक, आहार आणि विश्रांती हे सारे होते.

नवशिक्याची वाढ याहून पुष्कळ वेगाने होते. पहिल्या काही आठवड्यांत तर आकडे भराभर वाढतात. पण त्या काळात स्नायू फारसे मोठे झालेले नसतात. असलेल्या स्नायूंना एकत्र कामाला लावण्यास मज्जासंस्था शिकत असते. वयात येण्यापूर्वी तर ताकदीतील बहुतेक वाढ या शिकण्यातूनच होते. शिकण्याचा हा सोपा भाग संपला की आलेखाची चढण मंद होते. स्नायू सावकाश वाढतात. स्नायुबंध आणि हाडे त्याहून सावकाश बळकट होतात. म्हणून पहिल्या महिन्याच्या चढणीवरून वर्षाचे ध्येय ठरवले तर निराशा ठरलेली. ज्याला ही वक्ररेषा ठाऊक नाही, तो तिसऱ्या महिन्यात ‘माझ्यात दम नाही’ असे म्हणून व्यायाम सोडतो किंवा हट्टाने वजन वाढवून दुखापत करून घेतो.

ध्येय ठरवण्याची एक पद्धत

महागडी साधने नकोत. पाण्याच्या लहान बाटल्या आणि एक भक्कम पिशवी पुरे. एक लिटर पाण्याचे वस्तुमान १ किलो, म्हणजे अर्ध्या लिटरची बाटली साधारण अर्ध्या किलोची. बाटल्या काठोकाठ भरा. अर्धवट भरलेल्या भांड्यात पाणी हिंदकळते आणि गुरुत्वमध्य सतत हलतो.

पिशवी छातीशी धरून बैठका मारायच्या. सुरुवात ५ किलोपासून. आठ-आठ बैठकांच्या तीन फेऱ्या, आठवड्यातून तीन दिवस. लागोपाठ दोन दिवस सर्व फेऱ्या टाच न उचलता, पाठ न वाकवता पुऱ्या झाल्या, तरच अर्धा किलो वाढवायचा.

बारा आठवड्यांत ३६ दिवस मिळतात. दर दोन दिवसांनी अर्धा किलो, म्हणजे जास्तीत जास्त १८ वेळा वाढ, एकूण ९ किलो. ५ अधिक ९ म्हणजे १४ किलो ही या योजनेची कमाल मर्यादा झाली. पण मध्ये परीक्षा येईल, ताप येईल, भातलावणीच्या दिवसांत शेतातच अंग मोडून निघेल. म्हणून ध्येय १० किलोचे ठेवा. ते साधण्यास दहा वेळा वाढ पुरते. आठ वेळा वाढ न होण्यास जागा उरते. यंत्राची रचना करताना अभियंता अशीच जागा राखून ठेवतो.

रोजची नोंद वहीत ठेवा. तारीख, वजन, पूर्ण झालेल्या बैठका, झोपेचे तास आणि त्या दिवशी केलेली कष्टाची कामे. पाण्याचे हंडे वाहणे, गवताचे भारे आणणे हीही कामेच आहेत; त्यांचा थकवा धरलाच पाहिजे. स्क्रू गेजने तारेची जाडी मोजताना एका वाचनावर तुम्ही विसंबत नाही, सरासरी काढता. येथेही एका दिवसाच्या अपयशावरून निष्कर्ष काढू नका. आठवड्याची सरासरी काढा आणि तिचा आलेख मांडा.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. ‘मी शर्यतीत पहिला येईन’ हे ध्येय दुसऱ्यांच्या हाती असते. ‘मी आठवड्यातून तीन दिवस नियम पाळून व्यायाम करीन’ हे तुमच्या हाती असते. पहिल्या प्रकारचे स्वप्न जरूर पाहा. वहीत मात्र दुसऱ्या प्रकारचे ध्येय लिहा.

पालकांना एक भीती असते की वजन उचलल्याने मुलांची उंची खुंटते. योग्य देखरेखीखाली, बेताच्या वजनाने केलेल्या व्यायामाने असे होत असल्याचा पुरावा नाही. दुखापती होतात त्या मुख्यतः चुकीच्या पद्धतीने, देखरेखीशिवाय किंवा ईर्ष्येने वजन वाढवल्यामुळे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये ५ ते १७ वर्षे वयोगटासाठी रोज सरासरी ६० मिनिटांचा व्यायाम आणि आठवड्यातून किमान तीन दिवस स्नायू व हाडे बळकट करणाऱ्या हालचाली सुचवल्या आहेत. तेव्हा व्यायाम मुलींनी आणि मुलांनी दोघांनीही करावा. पण ‘एकदाच जास्तीत जास्त किती’ अशी पैज लावू नये. सांध्यात दुखले तर तेथेच थांबावे, शिक्षकांना सांगावे आणि गरज पडल्यास डॉक्टरांना दाखवावे.

करून पाहा

१. वर्गातील प्रत्येकाची भिंत-गुडघा चाचणी घ्या. घरी रोज उकिडवे बसणारे आणि खुर्चीचा अधिक वापर करणारे असे दोन गट करून सरासरी काढा. फरक दिसतो का? विद्यार्थी थोडे असतील तर निष्कर्ष किती ठाम मानावा, याची चर्चा करा.

२. मित्र बसलेला असताना बाजूने ओळंबा धरा. घोटा, गुडघा आणि कंबर यांची ओळंब्यापासूनची आडवी अंतरे मोजा. मग टाचांखाली २ सेंटीमीटर जाडीची रुंद, न हलणारी फळी ठेवून पुन्हा मोजा. कोणते अंतर वाढले, कोणते घटले? हा प्रयोग वजन न घेता करावा.

३. लेखातील गणितात मांडी ४२ ऐवजी ४६ सेंटीमीटर धरा. कंबरेवरील परिबल किती होईल? लांब मांड्यांच्या माणसाला बसताना छाती अधिक का वाकवावी लागते, ते यावरून सांगा.

४. घरातील पळण्याचे बूट, चप्पल आणि कॅनव्हासचे बूट घ्या. प्रत्येकाच्या टाचेवर सपाट तळाचा ५ किलोचा भार ठेवून सोल किती मिलिमीटर दबतो ते मोजा. भार दुप्पट केल्यास दबणे दुप्पट होते का?

शिक्षकांसाठी सूचना : दुसरा प्रयोग नववी-दहावीच्या ‘बल’ आणि ‘कार्य’ या पाठांना जोडून घेता येईल. मोजमापे विद्यार्थ्यांच्या नावानिशी फळ्यावर लिहू नयेत. कोणाचा घोटा किती दुमडतो किंवा कोण किती वजन उचलतो, यावरून वर्गात तुलना होऊ नये. प्रत्येकाने आपली नोंद मागील महिन्यातील आपल्याच नोंदीशी ताडून पाहावी.